आमच्या प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना गाढ झोप लागते

मित्रांनो, आत्ताच ड्युटीवरून कुरुळीला खोलीवर आलोय. चहा बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

आमच्या कंपनीत आता काउन्सेलर मॅडम येतात. मनातलं बोला, हलके व्हा, असं सांगितलेलं. माझ्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवरचा लातूरचा दत्ताभाऊ काल त्यांच्याशी बोलला. झोप लागत नाही, मशीनवर डुलकी येते, एवढंच.

आज सकाळी त्याला पॅकिंगला टाकलं. ओव्हरटाइमही बंद.

मी शाळेत न जाता मशीन उघडून उघडून शिकलेला माणूस. नीट चौकशी केल्याशिवाय मत देत नाही. कँटीनच्या दारात मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, जिवाला धोका असेल तर मला कळवावंच लागतं. तसं त्यांना आधीच सांगितलं होतं."

बरोबर आहे. डुलकी लागली की हात प्रेसखाली जातो, हे मलाही कळतं. पण दर आठवड्याला शिफ्ट फिरते म्हणून त्याची झोप उडाली. माणूस हलवला, शिफ्ट तशीच.

दुपारी झोपेच्या चौकशीसाठी आमची अख्खी लाइन एकेक करून मॅडमपुढे बसली. प्रत्येकाचं उत्तर एकच, "झोप एकदम मस्त, मॅडम."

दत्ता पॅकिंगवरून म्हणाला, "म्हणजे राव, मी एकटाच आजारी निघालो."

शेवटी माझी पाळी. मीही सांगितलं, "ढाराढूर झोपतो."

साफ खोटं. आणि उद्या दत्ताच्या प्रेसवर मलाच उभं राहायचंय.

तुमच्याकडे खरं कोणाला सांगता?