लाल टॅगची गाठ

डोमाजी मिस्त्रींकडे कुठलीही गाडी न्या, ते आधी बोनेट उघडत नसत. मालकाला खाली उतरवायचे, स्वतः बसायचे, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. दुर्गजवळच्या रुआबांध्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर माणसं घड्याळ बघत ताटकळत. "काका, आज होईल का उद्या?" असं कुणी विचारलं, की डोळे न उघडताच म्हणत, "घाई तुमाले हाय, गाडीले नाई. ते सांगून राहिली, ऐकू द्या."

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, मेंटेनन्सला गेली. निवृत्त होताना त्यांनी तिथून एक रीत बरोबर आणली, लाल टॅगची. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचवर आपल्या नावाचा टॅग लटकवायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेबानंही हात लावायचा नाही, कारण आत माणूस असू शकतो. काका पत्र्याचे तुकडे लाल रंगवून त्यावर 'डोमाजी, काम बाकी' असं लिहीत आणि अर्धवट राहिलेल्या कामावर मेणाच्या दोऱ्यानं बांधत. गाठ त्यांची खास होती. अनोळखी माणूस ती नखांनी कुरतडत बसे, पण नेमकं टोक माहीत असलं तर एका ओढीत सुटे. मी शेजारी उभा राहून पाहत असे, म्हणून मला ते टोक माहीत झालं.

माझी गाडी सोळा वर्षांची. स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की वळणावर खांदा लावावा लागे. दोघा मेकॅनिकांनी सांगितलं, स्टिअरिंगचा पंप गेला, नवा टाका. काकांनी आधी चाकांतली हवा मोजली. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग फिरवलं, तर ते हलकं. "पाहा भाऊ, खालचे सांधे मोकळे हायत. दुखणं वरतं हाय." अंगठ्यानं पंपाचा पट्टा दाबला, तो ढिला आणि घासून गुळगुळीत झालेला. स्टिअरिंगचं तेल काळं पडलेलं. त्यांनी पट्टा बदलला, जुनं तेल काढून नवं लाल तेल भरलं आणि एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "पंपाले कावून बदनाम करता? गाडी खोटं नाई बोलत भाऊ. मालक बोलते."

एक पाइप मात्र झिरपत होता. नवा रायपूरहून यायचा होता. काकांनी तेलाच्या डबीच्या झाकणावर टॅग बांधला. "कुरकुर केली तर सरळ माह्याकडे आणजा. सोताच्या हातानं काई टाकू नका."

मी दुर्गला रेल्वेत कारकून. गप्प राहून वेळ मारून नेणं ही माझी जुनी खोड. आठवड्यानं स्टिअरिंग वळवताना आवाज करू लागलं. रविवार होता, शेडपर्यंत जायचा कंटाळा आला. डिकीत एक तेलाची बाटली पडली होती. मी टॅग सोडला, बाटली ओतली, झाकण लावलं आणि टॅग पुन्हा बांधला. तशीच गाठ, तशीच दोन टोकं. जमली म्हणून मनात खूशही झालो. बाटलीवरचं नाव नंतर वाचलं. ब्रेकचं तेल होतं. आवाज थांबला होता, म्हणून मीही थांबलो. कुणाला काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी माझी बायको मंदा गाडी घेऊन बहिणीकडे जुनवानीला निघाली. वळणावर स्टिअरिंग अडलं, गाडी दुभाजकावर चढली आणि तिचं मनगट मोडलं.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. मंदा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसली होती. काकांनी टॅग पाहिला, ओढून सोडला, झाकण उघडलं. बोट बुडवून वास घेतला. स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात थोडं तेल सोडलं. वर लालसर तवंग आला, पण बाकीचं पाण्यात विरून गेलं.

"तेल पाण्यात विरत नाई," ते हळूच म्हणाले. "हे ब्रेकचं होय. यानं रबरं फुगवली, पंप खाल्ला." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, हे झाकण तुमी खोललं होतं काय?"

मी तोंड उघडायच्या आत मंदा म्हणाली, "हे? यांना बोनेट कुठून उघडतं तेही धड माहीत नाही, काका!"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी हातातल्या टॅगकडे पाहिलं. "गाठ तं माहीच होती," स्वतःशीच पुटपुटले. मग खाली बसले. "मंग मीच टाकलं. लाल भरलं असं वाटलं मले, पण वरून हेही टाकलं असन. डोळे गेले माहे." मंदाकडे पाहून त्यांनी हात जोडले. "बाई, माह्या हातानं तुमचा हात मोडला."

तेव्हा बोलता आलं असतं. तेव्हा मी ग्लासातल्या तवंगाकडे बघत राहिलो.

त्यानंतर काका प्रत्येक बाटली तीनतीनदा हुंगत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणत, "याच्यावर काय लिवलं हाय, पाहा बरं." मिस्त्रीच विचारतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक बिचकणारच. गाडी ऐकायला बसत, पण डोळे मिटत नसत. दोन महिन्यांत शेड बंद झाली. ते नंदिनी नगरला मुलीकडे राहायला गेले.

मी एकदा गेलो होतो, सांगायचंच ठरवून. त्यांनी पहिलं विचारलं, "बाईचं मनगट वाकते काय आता?" मी म्हणालो, वाकतं. "बरं झालं. मले झोप नाई येत त्याच्यापायी." मी चहा प्यायलो आणि परत आलो.

परवा त्यांच्या तेराव्याला गेलो. खाटेच्या वरच्या खिळ्याला त्यांच्या पान्यांची पिशवी टांगलेली होती आणि तिच्या तोंडाला लाल टॅग बांधलेला. मुलगी, शकुन, म्हणाली, "बाबानं इथं आल्या दिवशीच बांधला. नातवाले पाना पाह्यजे होता, तरी खोलू नाई देल्ली. म्हणत, ह्या हाताचं काम आता बंद."

मग मी बोललो. बाटली, गाठ, मंदासमोरचं ते 'नाही', सगळं.

"आता कावून सांगून राहिले भाऊ?" शकुन म्हणाली. "मरेपर्यंत सोताचे हातच पाहत बसे माहा बाप."



तिनं पिशवी खिळ्यावरून काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा, असं म्हणत बाबा. काढा मंग."

मी टोक धरलं. गाठ एका ओढीत सुटली.