माळकऱ्याच्या पानातली मुशी

आमच्या कोळवणच्या एकनाथनं उभ्या जन्मात मासा चाखला नव्हता, आणि सबंध मुळशी तालुक्यात त्याच्याइतके मासे कुणी कापलेही नसतील. गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळात पखवाज, आणि नोकरी घोटावड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत. तिथं परदेशी जाणाऱ्या माशांचे नमुने येतात. एकनाथ ते कापतो, वाटतो, तोलतो, ॲसिडात विरघळवतो. मग मेधा मॅडम यंत्रावर त्यातला पारा मोजतात. किलोमागं मिलिग्रॅमचा आकडा एकाच्या आत आला तर पास, वर गेला की नापास. संध्याकाळी हा कोपरापर्यंत साबण लावून हात धुतो आणि भजनाला येतो. देवाची हरकत नव्हती, नाकं आम्हीच मुरडायचो.

बावीस वर्षांत एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. शार्क, म्हणजे आपली मुशी, हातभर असली तर बहुधा पास. माणसाएवढी असली की नापास. मोठा मासा लहानांना खातो आणि सगळ्यांचा पारा त्याच्या अंगात साठत जातो. "मग ह्यो मरत कसा न्हाई?" असं त्यानं एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "त्याच्या यकृतात सेलेनियम पाऱ्याला धरून ठेवतं, म्हणून त्याला त्रास कमी. पण मांसातला पारा तसाच राहतो. तो खाणाऱ्याच्या वाट्याला."

एकुलती एक लेक दिशा जांब्यात दिलेली. जावई अमोघ आयटीत, माणसं मूळची गुहागरकडची. दिशाला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुशीनं बाळंतिणीला दूध येतं, म्हणून विहीण हेमलताबाई दर रविवारी स्वतः बाजारात जाऊन मोठ्यातल्या मोठ्या मुशीचे तुकडे आणायच्या. आठवडाभर दिशाच्या पानात तेच. सुनेसाठी हात आखडता घेणारी बाई नव्हे ती!

नात वीस दिवसांची, अंगावर पिणारी. एकनाथनं भीत भीत सांगून पाहिलं, "विहीणबाई, मोठ्या मुशीत पारा असतुया. पोरीला नगा घालू."

"विष असतं तर मुशी आधी मेली नसती का, व्याही?" हेमलताबाई हसल्या. "आमच्या सात पिढ्या वाढल्या तिच्यावर. आणि तुम्ही पडलात माळकरी. तुम्हाला माशातलं काय कळणार?"

सेलेनियमचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर त्या चहा टाकायला गेल्या होत्या. अमोघनं मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "आई बघेल ते."

मेधा मॅडम म्हणाल्या, "तुकडा आणा, मोजून देते. आकडा बघितला की गप्प बसतील."

पुढच्या रविवारी एकनाथ खिशात छोटी स्टीलची डबी घेऊन जांब्याला गेला. स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून पातेल्यावरचं झाकण काढलं, एक तुकडा डबीत टाकला, आणि मागून हेमलताबाई आल्या.

"अगं बाई! व्याही, तुम्ही?" रागावणं दूरच, त्यांना आनंदच झाला. "खावंसं वाटत होतं तर सांगायचं ना! चोरून कशाला?" त्यांनी हाताला धरून त्याला टेबलाशी बसवलं, पान वाढलं. "आता सांगा, कशी झालीये?"

एकनाथ थबकला. बावीस वर्षं मासे कापले, तरी त्याचा शब्द या घरात कुणी मोजला नव्हता. एक घास खाल्ला तर मोजतील, हे त्याला दिसलं. समोर दिशा भात कालवत होती. त्यानं माळ काढून खिशात ठेवली आणि तुकडा तोंडात घातला.

"आप्पा!" दिशा ओरडली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं आलं असं बाकीच्यांनी धरलं.

"चव झकास हाय," तो म्हणाला. "पर मासा जून हाय, विहीणबाई. बाळंतिणीला जड पडंल. तिला बांगडा घाला."

"बघा, खाणाऱ्यालाच कळतं हो!" म्हणत हेमलताबाईंनी दिशापुढचं पान उचललं.

सोमवारी डबीतल्या तुकड्याचा आकडा आला. दोन पूर्णांक चार.

विहीणबाईंनी कौतुकानं चार ठिकाणी सांगितलं आणि बातमी एसटीच्या आधी कोळवणला पोचली. मंडळानं एकनाथचा पखवाज काढून घेतला. बैठकीत सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. पुढं दिशानं खरं काय ते सांगितलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पखवाज परत द्यायला गेलो, तर एकनाथ म्हणाला, "नगं. अजून खातुया मी."

कारण आता हेमलताबाई दिशासाठी बांगडा करतात, आणि व्याह्यांना आवडते म्हणून दर रविवारी त्यांना जेवायला बोलावून मोठी मुशीही करतात. ती उरली तर सोमवारी पुन्हा दिशाच्याच पानात जाणार.

गेल्या रविवारी मीही त्याच्याबरोबर जांब्याला जेवायला होतो. हेमलताबाईंनी विचारलं, "वाढू अजून?" एकनाथनं वाकून पातेल्यात पाहिलं. दोन तुकडे राहिले होते.

"दोनी वाढा," तो म्हणाला.