कुंकू लाकडाला लावायचं

“तुटलं कुठं ते पाहू, कोनं तोडलं ते राहू द्या.”

गिरिधर हेडाऊचं हे बोलणं वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट गोदामात सगळ्यांना पाठ झालं होतं. पोतं फाटून तांदूळ सांडला, की एक हमाल दुसऱ्याला म्हणायचा, “राहू दे गा, फाटलं कुठं ते पाहू,” आणि दोघंही हसायचे. गिरिधरलाही हसू यायचं. तो उमरेडच्या कोष्टी घरातला. त्याचा बाप हातमागावर बसे. धागा तुटला की आधी गाठ मारी, आणि पोरांपैकी कोणाचा हात लागला हे कधी विचारत नसे. पोरगा पुढे कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीत लागला, आणि बापाची ही रीत त्यानं सोबत नेली.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. गोदामाचे मालक बाबनराव यांनी बिल्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, कामासाठी मोठी मशीन घेतली होती, आणि ती बसवायला गिरिधर रोज येत होता. एक मुख्य मशीन, आणि तिला तारांनी जोडलेले टीव्हीसारखे पडदे. एक बुकिंगच्या खिडकीशी, एक हिशेबाच्या टेबलावर, एक बाबनरावांच्या खोलीत. मुख्य मशीन जागी झाली तरच बाकीचे पडदे जागे होणार होते. पण तिच्यात आधी सॉफ्टवेअर भरायचं होतं, आणि ते फ्लॉप्यांच्या पेटीत होतं. काळ्या, चौकोनी, पापडासारख्या पातळ फ्लॉप्या. एक घालायची, मशीन ती वाचून घ्यायची आणि पुढची मागायची. मध्येच अडली, तर वाचलेलं सगळं विसरून पुन्हा पहिलीच मागायची.

ती पेटी प्रेमिलाच्या ताब्यात असे. प्रेमिला रंगारी जरीपटक्याकडची, गिरणी कामगाराची मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स करून तिनं ही नोकरी मिळवली होती. ऑफिसातल्या खुर्चीत बसणारी घरातली ती पहिलीच. दिवाळीचा माल सुरू होण्याआधी मशीन चालली नाही तर परत जाणार होती, आणि मशीन गेली की त्या खुर्चीचंही काम संपणार होतं. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मशीन काही चालेना. आज मधल्या फ्लॉपीवर अडली, तर उद्या सुरुवातीलाच. गिरिधरनं विजेचा दाब तपासला, वायरी बदलल्या, ट्रकांची धूळ आत येते म्हणून खिडकीला जाड पडदा लावला. शेवटी धरमपेठेतल्या आपल्या ऑफिसातून फ्लॉप्यांचा दुसरा संच आणला. तोही अडला. दोन्ही संच एकदम खराब कसे निघतील? मग याचं उत्तर लोकांनीच काढलं.

खंडेनवमीला गोदामात वजनकाट्याची, जॅकची, ट्रकच्या स्टिअरिंगची पूजा झाली होती. यंदा कॉम्प्युटरचीही झाली. प्रेमिला तेव्हा बाजूला उभी होती. तिच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्याकडे पूजाअर्चा नव्हती. दसऱ्याला ती सुट्टी घेऊन आईसोबत दीक्षाभूमीवर गेली. पूजेचं खोबरं मात्र तिनं आवडीनं खाल्लं होतं. आता हिशेबाच्या टेबलावरून कारकून देवाजी म्हणाले, “हिनं मशीनीले हात जोडले असते, तर मशीननं पडदे जोडले असते.” सगळे हसले. प्रेमिलानं मान खाली घालून फ्लॉप्या ओळीनं लावल्या. बाबनराव हसले नाहीत, पण त्यांनी देवाजींना गप्पही केलं नाही. एवढंच म्हणाले, की शनिवारपर्यंत वाट पाहू, मग मशीन आणि पोरगी दोघींचा निकाल लावू.

शुक्रवारी गिरिधरनं मशीनचं तोंड पुन्हा उघडलं. आतलं हेड, म्हणजे फ्लॉपीवरून फिरून ती वाचणारा बारीक भाग, त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. कापूस लालसर निघाला. आधीही तसाच निघाला होता, आणि गंज समजून त्यानं तो फेकून दिला होता. या वेळी त्यानं तो चिमटीत चोळला, नाकाशी नेला. मग पहिल्या संचातली एकेक फ्लॉपी पाकिटातून काढून उजेडात धरू लागला.

एका फ्लॉपीवर त्याला ते दिसलं. फ्लॉपीच्या कव्हराला लांबट फट असते, तिच्यातून आतली चकचकीत चकती दिसते. नेमक्या त्या जागी बोटाच्या टोकाएवढा तांबूस ठिपका होता. कुंकू. ही फ्लॉपी आत गेली की कुंकू हेडला लागायचं, आणि मग ते हेड चांगल्या फ्लॉप्याही वाचेनासं व्हायचं. म्हणून दुसरा संचही अडला होता. गिरिधरनं हे प्रेमिलाला शांतपणे सांगितलं.

“तुटलं कुठं ते सापडलं,” तो म्हणाला, आणि थांबला.

“आणि कोनं तोडलं ते?” प्रेमिलानं विचारलं. “पेटी माझ्याजवळ होती, भाऊ. ते राहू दिलं, तर माझ्याच अंगावर राहते.”

बापाची रीत पहिल्यांदाच त्याला अपुरी वाटली असावी. तो उठून मागच्या पडवीत गेला. बाबनरावांची आई, अनुसयाबाई, तिथं सुपात गहू निवडत बसली होती. पूजा तिनंच केली होती. प्रेमिला दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

गिरिधर म्हातारीशेजारी बसला, सुपातले खडे वेचू लागला. पूजेचा विषय काढताच अनुसयाबाई खुलली. मशीनीचा जीव त्या काळ्या पापडांत आहे असं सगळे म्हणत, म्हणून तिनं पेटीतला एक काढून त्याच्या कपाळावर, म्हणजे चकचकीत जागी, सगळ्या पापडांच्या वतीनं कुंकवाचं बोट टेकवलं होतं. हे सांगताना तिच्या तोंडावर कौतुक होतं.

“माझा बाप मागाची पूजा करे, माय,” गिरिधर म्हणाला. “कुंकू लाकडाले लावे. सुताले कधीच नाही. म्हणे, सुताचं अजून लुगडं व्हायचं आहे.”

अनुसयाबाईचा हात सुपात थांबला.

“मंग त्या पोरीचं नाव काहून घेऊन राहिले हे लोक?”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सरळ ऑफिसात गेली. देवाजी होते, दोन-चार हमाल होते, बाबनराव होते.

“बाबन, मशीनीच्या सुताले म्या कुंकू लावलं,” ती म्हणाली. “पोरीचा काई दोष नाही.” मग प्रेमिलाकडे वळली. “तू बाजूले उभी राह्यली तेच बरं केलं वं. मीबी तुझ्याजवळ येऊन उभी राह्यली असती, तर हे झालंच नसतं.”

देवाजी चष्म्याची काच पुसू लागले. बाबनरावांनी आधी आईकडे पाहिलं, मग प्रेमिलाकडे, आणि विचारलंही तिलाच, “आता चालंन का?”

“पाहते, सायेब,” ती म्हणाली.

हेड नीट पुसून झाल्यावर दुसऱ्या संचातल्या फ्लॉप्या तिनंच घातल्या. मशीन एकेक मागत गेली. ज्या ज्या जागी अडायची त्या सगळ्या मागे पडल्या, तेव्हा प्रेमिलानं खुर्ची पुढे ओढली. शेवटची फ्लॉपी आत गेली, आणि थोड्या वेळानं बुकिंगच्या खिडकीशी हिरवी अक्षरं उमटली. हमाल पाय न वाजवता जवळ आले. अनुसयाबाई लांब उभी होती. ती हळूच टेबलाशी आली.

“हे लाकूडच आहे ना गा?”

“लाकूडच आहे, माय.”

तिनं टेबलाच्या पायाला कुंकू लावलं.

उन्हं कलल्यावर गिरिधरनं पिशवी खांद्याला अडकवली आणि अमरावती रोडकडे निघाला. एका ट्रकवरून हमालानं हाक दिली, “भाऊ, तुटलं कुठं?” मागं न पाहता त्यानं हात वर केला. ट्रकांच्या धुळीत त्याचा पांढरा सदरा दिसे, लपे, पुन्हा दिसे. गोदामाच्या दारात डोळ्यांवर हाताची सावली धरून अनुसयाबाई उभी होती, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून प्रेमिला. सदरा दिसेनासा झाला तरी दोघी तशाच उभ्या होत्या. मग आतून देवाजींनी हाक मारली, “प्रेमिलाबाई, ही बिल्टी कशी घालाची, जरा दाखवा बरं.”