नळाचं पितळी तोंड

चार बायका आणि एक नळ म्हटलं की हंड्यांआधी किस्से भरतात! पिंपरीत कारखाना नवा, आमची कॉलनी नवी, आणि अख्ख्या आळीला नळ एकच. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं!

पाणी सकाळच्या भोंग्याआधी तासभरच यायचं, तेही हळू. आम्ही ओव्हरसियर ढवळे साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी नळाला निमुळतं पितळी तोंड बसवलं. अशी चिळकांडी उडाली म्हणून सांगू!

"बघा, पाणी कसं पळतंय!" साहेब म्हणाले.

आणि आम्ही मूर्ख बायकांनी टाळ्या वाजवल्या!

*

आमची शेजारीण सखूबाई चाकणकडची. बादली लावून लेकीची वेणी घालायची. पूर्वी एक वेणी होईतो बादली भरायची. आता दोन्ही वेण्या झाल्या, रिबिनी बांधल्या, तरी बादली अर्धीच!

"पाट अरुंद झाला की पानी पळतंय, रुंद झाला की चालतंय," सखूबाई कडाडली. "पळालं म्हून जास्त येतंय व्हय? उलट कमीच झालंय! मुडदा बशिवला त्या तोंडाचा!"

*

बरं, येतं ते तरी हंड्यात पडावं? आपटून बाहेर! एकदा थेट कुलकर्णी काकूंच्या सोवळ्यावर. काकू साहेबांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचल्या, हंडा रिकामाच.

*

आमचे मालक, म्हणजे आमचे हे, आंघोळीशिवाय उंबरा ओलांडत नसत. पाण्यापायी दोनदा भोंगा चुकला, दोनदा गेट बंद! "तिसऱ्यांदा उशीर झाला तर कायमचं घरी बस," अशी तंबी मिळाली. मी तरातरा साहेबांच्या हापिसात गेले.

"बाई, वेग बघा! केवढा वाढवलाय मी!"

"साहेब, मला वेग प्यायचा नाही, पाणी प्यायचंय!"

त्यांनी चहा मागवला. स्वतःला!

*

मग पुण्याहून बडे साहेब आले. त्यांनी चिळकांडी पाहिली आणि ढवळ्यांची पाठ थोपटली. वर हुकूम काय, तर पलीकडच्या आळीलाही असंच तोंड बसवा! कपाळ माझं!

*

ते दुसरं तोंड बसवायच्याच दिवशी ढवळे साहेबांच्या घरचा नळ बिघडला. त्यांची बायको बादली घेऊन आमच्या रांगेत आली. "आधी तुम्ही भरा," म्हटलं, कारण बाई गरीब स्वभावाची. तिच्यामागे माझी बादली, आणि मालक दारात पंचा लावून उभे. भोंगा व्हायला आलेला.

तेवढ्यात बड्या साहेबांची मोटार नळाशीच येऊन थांबली. हॉर्न ऐकून ढवळे साहेब धावत आले. कमरेला टॉवेल, अंगभर साबण! बादलीत डोकावले, तर तळाला चार तांबे पाणी. त्यांनी ते पितळी तोंडच पिळायला घेतलं. साबणाचे हात सटासट घसरत होते. शेवटी तोंड निघालं, आणि भदाभदा पाणी पडायला लागलं.

"अहो ढवळे, हे काय करताय?" बडे साहेब ओरडले.

ढवळेबाईंनी बादली नीट नळाखाली सरकवली.

"काही नाही साहेब. वेगानं आंघोळ करून बघितली ह्यांनी. साबण निघेना!"