उंटाचे चार पाय

दामले काका गेल्याचं आम्हाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. पाणी किती वाजता येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, हे निरोप त्या ग्रुपवर इतके दिवस काकाच टाकायचे... माझी अकरा वर्षांची ओवी फोन हातात धरून नुसती उभी राहिली. "आई, काका," एवढंच म्हणाली. त्याला आता तीन आठवडे झाले.

तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीची भाड्याची जागा सोडून आम्ही टिटवाळ्याला या नव्या इमारतीत राहायला आलो. ओवीला इथे एकही मैत्रीण नव्हती. शाळेतून आली की खिडकीत बसून राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत, बिल्डरने मागे टाकून दिलेल्या सामानात चार-पाच मुलं काहीतरी खुडबुड करताना तिला दिसली. ती खाली गेली ती एकदम जेवायलाच वर आली. पाइपचे तुकडे, छत्रीच्या काड्या, कुकरचं हँडल आणि पाठीवरच्या उंचवट्याला फुटकी बादली, असा एक उंट त्यांनी पार्किंगमध्ये उभा केला.

काका सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त, शिस्तीचे, आवाज चढा. कुणीतरी तक्रार केली आणि एका सकाळी त्यांनी तो सगळा 'कचरा' घंटागाडीत टाकायला लावला. ओवी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी सरळ जाऊन तिने त्यांची बेल वाजवली. मी मागोमाग धावले, तिच्या वतीने माफी मागायला.

"काका, तो कचरा नव्हता. उंट होता."

मला वाटलं, आता ओरडणार. पण काका म्हणाले, "मी नीट पाहिलंच नाही, बाळ. पाहायला हवं होतं. चूक झाली माझी." माफी मागायला गेलेली मी, ती कशी मागतात हे शिकून परत आले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप आला, मोडकी वस्तू टाकून देण्याआधी मुलांना दाखवावी. लोक हसले. पण टेबलफॅनची जाळी, बिघडलेला कीबोर्ड, उंच टाचेची एकुलती एक चप्पल असं काय काय खाली येऊ लागलं. काका खुर्ची टाकून बसत. कौतुक कधी करत नसत. पत्र्याच्या धारदार कडा कानशीने घासून देत आणि "घट्ट बांधा, लोंबतंय ते," एवढंच सांगत.

नवा उंट पहिल्यापेक्षा मोठा झाला, पण उभाच राहीना. पाय लटपटायचे. एका मुलीचं लक्ष काकांच्या बाल्कनीतल्या वॉकरकडे गेलं. काकू आदल्याच वर्षी गेलेल्या. शेवटचे महिने त्यांनी तो धरून काढलेले. "काका, तो द्याल?" तिने विचारलं. काका वर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. मग जिन्यात ठक ठक ऐकू आलं. वॉकर त्यांनी पुसून लख्ख केला होता.

"हिला एकदा गेटपर्यंत चालत यायचं होतं," काका म्हणाले. "जमलं नाही. उंटाला तिथेच उभा करा."

तो अजून तिथेच उभा आहे. त्या सुट्टीत मिळालेल्या मैत्रिणी आजही ओवीला खालून हाका मारतात, आणि प्रत्येक हाकेला मी मनातल्या मनात काकांचे आभार मानते.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा घर आवरायला आला. काही टाकण्याआधी त्याने मुलांना वर बोलावलं. कुणी गजराचं घड्याळ घेतलं, कुणी रेडिओ. ओवीने काकांच्या चष्म्याचं घर आणलं.

"याचं काय करणार गं?" मी विचारलं.

तिने ते उघडलं, आतल्या मखमलीवरून बोट फिरवलं आणि मिटलं.

"काही नाही करायचं, आई. हे असंच ठेवायचं."