कात्रजपर्यंतची अंघोळ

माझी नऊ वर्षांची लेक अंघोळीला आत जायची आणि बऱ्याच वेळानं बाहेर यायची, तेव्हा साबण कोरडाच असायचा. आत काय करत होतीस विचारलं, तर म्हणायची, "साबणाची डबी तरंगते का बघत होते." तिचं लक्ष टिकत नाही म्हणून आम्ही सदाशिव पेठेत समुपदेशकांकडे जात होतो. भिंतीवर चित्रं लावली, गजर लावला, मी बेंबीच्या देठापासून ओरडले. छे! डोकं धुतलं तर काख विसरायची, काख धुतली तर पाय.

त्यात शाळेचं दोन मुक्कामांचं शिबिर निघालं. बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "अहो, तिथं जो तो आपापली अंघोळ करणार. आम्हाला कुणाच्या मागे मागे फिरता येणार नाही. तिला जमणार असेल तरच पाठवा." शेजारी उभ्या पोरीनं ते ऐकलं. वास येतो म्हणून वर्गातल्या मुली जवळ बसत नाहीत, हे तिनंच मला रडत सांगितलं होतं. तरी तिला त्यांच्याबरोबरच जायचं होतं. मला राग आला, बाईंचा नव्हे, त्या मेल्या डबीचा.

त्याच आठवड्यात समुपदेशकांकडून बसनं घरी येताना ती नेहमीसारखी कंडक्टरच्या आधी स्टॉप पुकारत होती. स्वारगेट! पद्मावती! एकही चुकला नाही. अगं बाई, इथं बरं हिचं लक्ष टिकतं! घर येईपर्यंत आम्ही दोघींनी तिच्या अंगावर बसचा मार्ग आखला. डोकं शिवाजीनगर, कान शनिवारवाडा, काख मंडई, पोट स्वारगेट, गुडघे पद्मावती, तळपाय कात्रज. प्रत्येक स्टॉपला साबण लागलाच पाहिजे. "मंडईत गर्दी असते, तिथं बस जास्त थांबव," मी बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून बाथरूममधून आरोळ्या सुरू झाल्या. डक्टमधून त्या अख्ख्या इमारतीला ऐकू जायच्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "आज गाडी मंडईत फारच अडकली होती, नाही का?"

"पण पोचली ना!" मी म्हटलं.

कात्रजला पोचलेली पोर साबणाच्या वासानं घमघमत बाहेर यायची. मी बाईंना ठणकावून सांगितलं, "ती येणार आहे."

पाठवलं खरं, पण जिवाला घोर लागला. तिथं ओरडली तर मुली टर उडवणार, नाही ओरडली तर ही विसरणार.

शिबिराहून गाडी परत आली, तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. बाई स्वतःहून माझ्याकडे आल्या. "एकदाही सांगावं लागलं नाही हो तिला. सगळ्यांच्या आधी तयार!"

मी लेकीला हळूच विचारलं, "स्टॉप पुकारलेस का गं?"

"नाही. मनात म्हटले. बाकीच्या मुली होत्या ना तिथं."

मी तिला भर रस्त्यात उचललं आणि गरगर फिरवलं.

"आई, सोड ना! सगळ्या बघतायत!"

"बघू देत की," मी म्हटलं. "बघायलाच हवं त्यांनी!"