कंपाउंड उभं, घर आडवं

चहा येईस्तोवर सांगतो. पण अट आहे. मध्ये हसायचं नाही. हसायची वेळ आली की मीच सांगेन.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पुढे हातात थापी आली, ती गुडघे गेल्यावरच सुटली. अंबडला निम्म्या कारखान्यांच्या भिंती माझ्या हाताखालून गेल्यात. मी बांधलेली एक भिंत पडलेली दाखवा, मिशी उतरवून देतो, असं मी चारचौघांत म्हणायचो. हल्ली म्हणत नाही. का म्हणत नाही, तोच हा किस्सा.

आमची सून प्राची घरून काम करते. तिची कंपनी पुण्याची, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. एकच खेळ हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. तलवारी, राक्षस, जंगलं, सगळं त्यात. राक्षस मारून दमलेल्या माणसाला परत यायला घर हवं ना? त्या घरांची वसाहत कशी असावी, ते ठरवायचं काम आमच्या सुनेचं.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे तू घरं बांधतेस?"

"घरं लोक बांधतात, अप्पा. मी नियम ठरवते."

"म्हणजे तू नगरपालिका."

"तसंच समजा."

"मग पाणी किती वाजता सोडतेस?"

ती हसली. मी हसलो नाही. मी कामाचं विचारत होतो.

तिची अडचण खरी होती. लोक हौसेने घर बांधतात, काही दिवस मिरवतात आणि खेळ सोडून जातात. घर तसंच उभं. नव्या माणसाला जागा नाही, जुन्याच्या दारात कुत्रं नाही. अख्खी वसाहत भुताची. म्हणून साहेबलोकांनी नियम केला होता, की मालक काही दिवस फिरकला नाही तर घर पाडायचं. प्राचीला तो पटत नव्हता. एखादा दवाखान्यात पडला, एखादीची परीक्षा आली, तर त्यांनी परत येऊन बघायचं काय? मोकळा प्लॉट?

तिने दुसरा नियम सुचवला. घरात रोज तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे. लागला की घर उभं. ओळीने काही दिवस चुकला की घर पडलं. मग तो मालकाने लावो नाहीतर शेजाऱ्याने. म्हणून शेजाऱ्याला दुसऱ्याच्या घरात जायची मुभा. दिवा लावायचा, अंगण झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.

साहेब म्हणाले, शेजारी घर धुऊन नेतील. थोड्या माणसांवर आजमावून बघू. जमलं नाही तर नियम रद्द. म्हणजे प्राचीची सगळी मेहनत पाण्यात.

हे सगळं तिने मला समोर बसवून सांगितलं होतं. मग मला का कळलं नाही? कारण मी सुरुवातीलाच विचारलं, "पाया किती खोल?"

"पाया नसतो, अप्पा."

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.

बिनपायाचं घर! स्लॅब टाकायचा तर खाली सेंटरिंग नाही, टेकू नाही. बोटाने ओढला, हवेत लोंबकळला. मी म्हटलं, हा पोरखेळ आहे. प्राची म्हणाली, "पोरखेळच आहे. पण आजमावायला माणसं हवीत. तुम्ही आयुष्यभर घरं बांधलीत. एक माझ्यासाठी बांधा."

सून असं बोलली की काय करणार? बांधलं.

आणि चोख बांधलं. विटेवर वीट, सांध्यावर सांधा येऊ न देता. बाकीचे लोक मनोरे बांधत होते, महाल बांधत होते. मी साधं, राहण्यासारखं घर बांधलं. रोज भिंतींवर पाणी मारायचो. प्राची म्हणाली, इथे त्याची गरज नाही. मी म्हटलं, पाणी मारल्याशिवाय भिंत धरत नाही, मग ती विटेची असो की विजेची.

एकच गोष्ट खटकायची. शेजारी.

कोण कुठल्या घरात आहे हे कोणी कोणाला सांगायचं नाही, असा त्या परीक्षेचा दंडक होता. त्यामुळे मला दिसायचं ते फक्त बाहुलं. निळा फेटा, आडवं अंग आणि झुपकेदार मिश्या. डोक्यावर नाव इंग्रजीत. ते मला लागेना. मी त्याला मिशाळ म्हणू लागलो. तो मला बघून हात हलवायचा. मी हलवत नसे. ओळख ना पाळख.

एके दिवशी जातो तर काय? अंगण झाडलेलं, तुळस ओली आणि स्वयंपाकघरात दिवा! दाराशी नाही, देवापाशी नाही. थेट स्वयंपाकघरात. परका माणूस माझ्या चुलीपर्यंत गेला होता.

प्राचीला विचारलं. ती म्हणाली, "शेजाऱ्याला मुभा आहे, अप्पा. सांगितलं होतं मी."

"मालकाला न विचारता?"

"तुम्हाला नको असेल तर तक्रार करता येते. हे लाल बटण."

बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा. पुन्हा बटण. मग रोजचंच झालं. मिशाळने दिवा लावायचा, मी तक्रार ठोकायची. त्या प्रत्येक तक्रारीचा खुलासा प्राचीला साहेबांकडे करावा लागतो, हे मला कुठे ठाऊक? ती बोलली नाही. मी विचारलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना मी कमलला, म्हणजे आमच्या मंडळींना सांगितलं. ती मेथी निवडत होती. शेजारी मुलाचा जुना फोन पडलेला. ती त्यावर काय बघते ते मी कधी विचारलं नव्हतं. रेसिपी बघत असेल.

"काही नेलं का त्याने?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"काही मोडलं?"

"नाही."

"मग दिवाच लावला ना बिचाऱ्याने?"

"आज दिवा लावतोय, उद्या पेटी उचलेल. तोंड बघ त्याचं. मिश्या अशा की पक्का दरोडेखोर!"

कमलला ठसका लागला. चहा मेथीवर उडाला. मी म्हटलं, सावकाश पी.

मग मी काय केलं? जे गवंडी करतो ते केलं. घराभोवती कंपाउंड. पुरुषभर उंच. वर काचा. एकच गेट, त्याला कुलूप, किल्ली माझ्यापाशी. प्राचीने बघितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "अप्पा, मला मध्ये काही बोलता येत नाही. पण नियम एकदा वाचा ना."

मी म्हटलं, "भिंत बघ. ओळंबा लावून बघ."

त्याच संध्याकाळी मिशाळ आला. गेटबाहेर उभा राहिला. हातात दिवा. हात हलवला. मी माझ्या बाहुल्याची पाठ फिरवली. ते कसं करायचं, एवढं मी शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी येवल्याहून बहिणीचा फोन आला. तिच्या घराचा स्लॅब गळत होता. मी एसटी पकडली. तिकडे चार माणसांना कामाला लावलं, गिलाव्यातल्या चुका काढल्या आणि माझ्या कंपाउंडचं कौतुक सांगितलं. फोनवरचा खेळ उघडला नाही. पाहुण्याच्या घरी खेळत बसणं शोभत नाही.

परत आलो तो नेमका प्राचीच्या परीक्षेच्या दिवशी. बाहेरच्या खोलीत ती बसलेली, समोर पडद्यावर साहेब. साहेब म्हणजे तरुण पोरगा, चष्मा, पण बोलणं करडं. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि तिच्या पाठीमागे उभा राहिलो. प्राची वसाहत दाखवत होती. तिथे संध्याकाळ व्हायला आलेली. एकेका घरात दिवा लागत होता. काही मालक लावत होते, काही ठिकाणी शेजारी. दृश्य बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू?

"आणि हे घर?" साहेब म्हणाला. "काळोख का?"

प्राची अडखळली. "हे माझ्या सासऱ्यांचं. ते स्वतः गवंडी आहेत."

मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात गेटपाशी निळा फेटा दिसला. दिवा घेऊन उभा! मला राहवलं नाही. मी साहेबाच्या समोर बोट नाचवत ओरडलो, "तोच! तोच तो चोर! पकडा त्याला!"

आणि माझं घर पडलं.

अहो, हळूहळू नाही. आधी स्लॅब, मग भिंती, मग तुळस. ढिगारा. आणि चारी बाजूंनी कंपाउंड मात्र ताठ उभं. काचसुद्धा हलली नाही.

त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं बाई! पडलं की हो!"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग पडद्यावर बघितलं. मिशाळ गेटशी उभा होता. पुन्हा दाराकडे बघितलं. दारात कमल. हाताला पीठ, हातात फोन.

आता हसा.

साहेबाला यातलं काही दिसलं नाही. तो म्हणाला, "प्राची, मी म्हणालो होतो ना? इतक्या तक्रारी, आणि शेवटी घर पडलंच. माणसं शेजाऱ्याला आत घेत नाहीत. हा नियम काढू."

सासऱ्यानेच गेटला कुलूप घातलं, एवढं प्राचीने सांगितलं असतं तर ती सुटली असती. माझ्या साइटवर कोणी असं काम बुडवलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत उभा-आडवा घेतला असता. ती खाली मान घालून बसली. माझी लाज राखत होती.

मग मी पुढे झालो. "साहेब, नियम बरोबर आहे. शेजारी रोज येत होता. घर मी पाडलं."

"तुम्ही? कसं?"

"कंपाउंड बांधून."

"पण शेजाऱ्यावर इतका संशय का, काका?"

"मला काय माहीत ती माझी बायको आहे!"

साहेबाने चष्मा काढला.

मी कमलकडे वळलो. "आणि तुला माहीत होतं मी आहे ते?"

"पहिल्याच दिवशी. घर बघूनच ओळखलं. ओटा कोपऱ्यात, खिडकी कुठेच नाही, स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. हुबेहूब आपलं घर. म्हटलं, हे दुसऱ्या कोणाचं असणार? म्हणून तर दिवा तिथे ठेवायची."

खरं आहे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत मी आंधळी ठेवली होती. त्या बाजूला शेजाऱ्यांचं घर. आपल्या पातेल्यात काय शिजतंय ते त्यांना कशाला दिसायला हवं? ती खिडकी मागत आली, मी बघू म्हणत आलो. भर दुपारी बल्ब लावून भाकरी थापते ती.

"आणि मिश्या कशाला लावल्यास?" मी विषय बदलला.

"गंमत म्हणून लावल्या. पण बरं असतं हो. मिश्या असल्या की कोणी चहा करायला सांगत नाही."

पडद्यावर साहेब टेबलावर डोकं ठेवून हसत होता. सावरल्यावर त्याने प्राचीला विचारलं, "मग कंपाउंडचं काय करायचं? बंदी घालायची?"

प्राचीने थोडा विचार केला. "नको. बांधू दे ज्याला बांधायचं त्याला. फक्त गेटला कुलूप घालायच्या आधी खेळाने एकच प्रश्न विचारायचा. तुमचा दिवा कोण लावणार?"

साहेबाने ते लिहून घेतलं. म्हणाला, आणखी एकदा आजमावू. नियम तूर्त वाचला.

मी मात्र त्या प्रश्नापाशीच राहिलो. जन्मभर भिंती बांधल्या. उंची किती, जाडी किती, काचा हव्यात का, एवढंच मालकाला विचारलं. हे कधी विचारलं नाही. आणि ज्या घरात मी राहतो ते इतकी वर्षं माझ्या सिमेंटवर उभं आहे, असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा काढला. गुडघे कुरकुरले, पण मजूर लावला नाही. स्वयंपाकघराची भिंत मी फोडली. चौकट बसली. शेजारच्या वहिनींनी पलीकडून हात हलवला. मी पण हलवला. शिकतोय.

ऊन थेट ओट्यावर आलं. कमल बघतच राहिली. मला वाटलं, डोळ्यात पाणी येणार आता. तिने टोपलीतलं एक लिंबू काढून ओट्यावर ठेवलं.

लिंबू निघालं. सावकाश, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि टप्पकन खाली पडलं.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं काळोखात माझाच हात लागून वस्तू पडतात."

मी सपाटी बघायला पाणसळ आणून ओट्यावर ठेवली. बुडबुडा मध्ये थांबायला तयार नाही. एका कोपऱ्यात जाऊन बसला. माझ्या हातचा ओटा!

कमलने बुडबुड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते लाल बटण कुठे असतं हो? तक्रार करायची होती."

मी म्हटलं, "शब्द होता माझा. मिशी उतरवतो."

"मिशी राहू द्या," ती म्हणाली आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून उन्हात बसली.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा मी करतो. मिशीसकट.